तीन सुताचा पाना

सत्यनारायणाची पूजा आणि मोटारीची दुरुस्ती या दोन गोष्टींत विलक्षण साम्य आहे. दोन्हींची सुरुवात यादीने होते, दोन्ही याद्यांतली निम्मी नावं यजमानाला कळत नाहीत, आणि दोन्हीकडे मुख्य विधी सुरू झाल्यावरच लक्षात येतं की, एक वस्तू आणायची राहिली. फरक इतकाच की, पूजेत गुरुजी "असू द्या, त्याऐवजी अक्षता वाहा" म्हणून वेळ मारून नेतात. इंजिनाला अक्षता चालत नाहीत. हे मी अनुभवाने सांगतो.

मी मूळचा बँकेतला माणूस. छत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हाताला लागलेलं सगळ्यांत अवजड अवजार म्हणजे स्टेपलर, आणि त्यानेही माझा अंगठा दोनदा फाइलला जोडलेला आहे. घरात दिवा गेला तर मी हिला हाक मारतो. स्टूल धरायला नव्हे. स्टूल मी धरतो, दिवा ही बदलते. अशा माणसाने डिझेल गाडीचा कॅमशाफ्ट घरी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या हाताने बदलायला घ्यावा, हे कुणाच्या पत्रिकेत असेल असं वाटत नाही. पण घडलं ते असं.

आमची गाडी २००७ सालची. मी ती २०११ साली सेकंडहँड घेतली. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण जे झालं त्यात दोष कंपनीचा नव्हता, माझा होता. गाडी माझ्या नावावर असली तरी चालवते ही. वयाच्या बावन्नाव्या वर्षी हिने शिकायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात सोसायटीचा कचऱ्याचा डबा, दुसऱ्या आठवड्यात वॉचमनची खुर्ची (सुदैवाने वॉचमन तीत नव्हता), आणि तिसऱ्या महिन्यात ही एकटी खंबाटकीचा घाट चढून वाईला आईकडे गेली. तेव्हापासून दर दुसऱ्या शनिवारी पुणे–वाई ही फेरी ठरलेली. हिची आई अठ्ठ्याऐंशीची. तिला काही लागत नाही. लेक दाराशी गाडीतून उतरताना दिसली की पुढचे पंधरा दिवस तिची तब्येत बरी असते.

एप्रिल २०२२ मध्ये गाडी टक्-टक् करू लागली आणि खंबाटकीला दमू लागली. मेकॅनिकने वरचं झाकण काढलं, आत बोट फिरवलं, आणि मला विचारलं, "काका, तेल कुठलं घालता?"

मी सांगितलं. म्हणजे ओळखीच्या दुकानातून कॅनने घेतो, स्वस्त पडतं, सहा वर्षं तेच. त्याने बोट पुसलं आणि "दिवसाला किती ओढता?" असं विचारल्यावर डॉक्टर पाहतात तसं माझ्याकडे पाहिलं.

कॅमशाफ्ट म्हणजे काय हे मला तोवर ठाऊक नव्हतं. इंजिनाच्या डोक्यावर आडवा झोपलेला एक पोलादी दांडा असतो. त्याला आंब्याच्या कोयीसारखे उंचवटे असतात. खालचा क्रँक दोनदा फिरला की हा एकदा फिरतो, आणि फिरताना त्या कोयींनी व्हॉल्व्ह दाबून उघडतो. बहुतेक गाड्यांत त्याला एवढंच काम. आमच्या इंजिनात मात्र डिझेल फवारणारे चार इंजेक्टरही त्याच दांड्याने दाबायचे, आणि फवारा हवेच्या दाबाच्या दोन हजार पट दाबाने सोडायचा. एकाच दांड्यावर हे दोन संसार बसवायचे म्हणून व्हॉल्व्हच्या कोयी अरुंद केलेल्या. अरुंद जागेवर जास्त भार, म्हणून त्याला ठरावीक प्रतीचंच तेल लागतं. हे गाडीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं. पुस्तक हातमोज्यांच्या कप्प्यात होतं. त्यावर मी टोलच्या पावत्या ठेवत असे. तर सहा वर्षांच्या माझ्या काटकसरीने त्या कोयींची नाकं झिजून सपाट झाली होती.

"पंच्याऐंशी हजार," मेकॅनिक म्हणाला. "आणि खरं सांगू का काका? गाडीला पंधरा वर्षं होतील आता. पासिंग आलं. विकायला गेलात तर लाखभर येईल, तेही चालू असली तर. भंगारात द्या."

घरी येऊन मी हिला सगळं सांगितलं. तेलासकट सांगितलं. ही काही बोलली नाही. आमच्या घरात ही बोलते तेव्हा काळजीचं कारण नसतं. थोड्या वेळाने पाहिलं तर कालनिर्णयच्या मागच्या पानावर ही स्वारगेट–वाई एस.टी.च्या वेळा लिहून घेत होती.

"मी बदलतो कॅमशाफ्ट," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून कसं बाहेर पडलं ते मला आजही सांगता येणार नाही.

हिने पेन खाली ठेवलं आणि हसायला सुरुवात केली. मग चष्मा काढून डोळे पुसले आणि पुन्हा हसली. मी दुखावलो, पण त्या वेळा पुढे लिहून झाल्या नाहीत, हेही माझ्या लक्षात आलं.

आमचा भाचा मेकॅनिकल इंजिनिअर आहे, म्हणजे हिंजवडीत बसून बँकांचं सॉफ्टवेअर लिहितो. पान्याची आणि त्याची गाठ कॉलेजच्या वर्कशॉपनंतर पडलेली नाही. त्याने कारखान्याचं दुरुस्तीचं पुस्तक कुठून तरी मिळवलं आणि 'लागणारी अवजारे' म्हणून चार पानं छापून आणली. मी ती वाचली. हळकुंडं पाच, सुपाऱ्या अकरा, तसंच सगळं. टॉर्क रेंच. बारा कोनांच्या चाव्या. क्रँक अडकवायचं कुलूप. कॅमचं चाक अडकवायची खीळ. चाकाचा हब ओढून काढायचा पुलर. कोन मोजायचं गेज. डायल गेज. इंजिनाला आधार. वाचून मला जानव्याचीच आठवण झाली. ते तेवढं यादीत नव्हतं.

पण माझ्याकडे एक हुकमाचा पत्ता होता. माळ्यावर अण्णांची पेटी होती.

अण्णा, म्हणजे माझे वडील, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर होते. १९७९ साली निवृत्त झाले, १९९४ साली गेले. हाताच्या रेषांत काळं तेल मुरलेलं. लग्नकार्यात ते हात शर्टाच्या बाहीत लपवत. मुलाने खुर्चीवर बसायचं, पान्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. पेटी उघडायची मला बंदीच होती. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने खतावणी लिहिलेली: कुणी काय नेलं, कधी नेलं, कधी आणलं. आणलं की त्या ओळीवर रेघ. जवळजवळ सगळ्या ओळींवर रेघा आहेत. एका ओळीवर नाही. 'चिरंजीव – छोटा स्क्रूड्रायव्हर – १९६८ – आला नाही.' तो मी गजराचं घड्याळ उघडायला नेला होता. घड्याळही आलं नाही.

पेटी खाली काढली. तेरा पाने, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले, लख्ख. प्रत्येकावर ठोकलेला 'अ'. आणि प्रत्येकावर अपूर्णांक: दोन सूत, तीन सूत, चार सूत. आठ सुतांचा इंच. आमच्या गाडीत सगळंच मिलिमीटर.

"हे इंग्रजांबरोबर गेलं हो," शेजारचे साहेब म्हणाले. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत, त्यामुळे सर्व विषयांतले इंजिनिअर आहेत. "भिंतीवर लावा. शोभेला चांगले दिसतील."

मी पाने परत गुंडाळून ठेवले आणि बोहरी आळीत गेलो.

"टॉर्क रेंच दाखवा," मी म्हणालो.

"किती न्यूटनचा?"

मला एकच न्यूटन माहीत होता. दुकानदार समजूतदार निघाला. नट किती जोराने आवळायचा ते हा पाना मोजतो आणि हवा तेवढा जोर लागला की 'कट्' म्हणून सांगतो, हे त्याने मला शिकवलं. मोठा रेंच चाळीसपासून पुढे मोजणारा होता. पण कॅमशाफ्टवरच्या टोप्यांचे बोल्ट आवळायचे फक्त आठ न्यूटन-मीटर. आठ म्हणजे किती? तर लोणच्याच्या बरणीचं झाकण. मोठ्या रेंचला एवढं नाजूक बोलणं ऐकूच येत नाही. म्हणजे रेंच दोन. एक रागीट आणि एक हळवा. दोन्ही घेतले.

बारा कोनांच्या चाव्या नाना पेठेत मिळाल्या. सहा कोनांनी ज्याचं भागलं असतं त्याला बारा का, हा प्रश्न मी विचारला, दुकानदार म्हणाला, "साहेब, मी बनवलं नाही, मी विकतो." पुलर भोसरीच्या एका लेथवाल्याने करून दिला. पुस्तकातलं चित्र मी व्हाउचरच्या पाठीवर काढून नेलं होतं. ते त्याने उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं, "कळलं" म्हणाला आणि चारशे रुपये आणि दोन चहांत विषय संपवला. क्रँकचं कुलूप पार्सलने मागवलं. चाकाची ती खीळ, जिला पुस्तकात भलामोठा नंबर आणि त्याहून मोठी किंमत होती, ती म्हणजे शेवटी सहा मिलिमीटरच्या ड्रिलचा मागचा दांडा निघाला. नातवाच्या कंपासपेटीतून कोनमापक घेतला. आठ न्यूटन-मीटर लावल्यानंतर आणखी नव्वद अंश फिरवायचं असतं, आणि नव्वद अंश म्हणजे काटकोन, एवढं गणित बँकेतही टिकलेलं होतं.

उरलेली अवजारं स्वयंपाकघरातून गेली. काढलेले बोल्ट आणि रॉकर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ठेवावे लागतात, त्यासाठी चार मजल्यांचं, सोळा खड्ड्यांचं इडलीपात्र. असं सोयीचं अवजार जगातल्या कोणत्याही गॅरेजमध्ये नाही. पुसायला अण्णांचं जुनं धोतर. आणि पट्टा काढण्यासाठी इंजिनाची एका बाजूची बैठक सोडावी लागते, तेव्हा इंजिन खालून तोलून धरायला जॅक. जॅकने तेलाची टाकी चेपू नये म्हणून मध्ये लाकूड. ते लाकूड म्हणजे हिच्या रुखवतातला शिसवी पाट. तो हिनेच आणून दिला. मी मागितला नव्हता.

मे महिन्यातल्या एका शनिवारी शुभारंभ झाला. मेकॅनिकने निघताना एकच गोष्ट बजावली होती. खालचा क्रँक आणि वरचा कॅम यांना एक दात्यांचा पट्टा जोडतो. तो परत बसवताना मागेपुढे झाला तर पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह खाली असतो, दोघांची टक्कर होते, आणि मग पंच्याऐंशी हजारांतही भागत नाही. शनिवारी रात्री मला झोप लागली नाही. डोळे मिटले की पिस्टन वर येई.

रविवारी संध्याकाळी सगळं एका बोल्टाशी येऊन थांबलं. इंजिनाच्या बैठकीचा बोल्ट. अठरा मिलिमीटर. माझ्या नव्या कोऱ्या पेटीत सतरा होता, एकोणीस होता. अठरा नव्हता. जागा कोऱ्या चेकसारखी रिकामीही नव्हती, जागाच नव्हती. बोहरी आळी बंद. इंजिन पाटावर बसलेलं. साहेब खुर्ची घेऊन बघायला बसलेले.

"अण्णांची पेटी बघा ना," ही म्हणाली.

"अगं, ते सुतातले पाने. इंचातले."

"बघायला काय जातंय?"

ही वर गेली आणि तेराच्या तेरा पाने पदरात घालून खाली आली. मग एकेक बोल्टवर लावून पाहू लागली, बांगड्यांच्या दुकानात बांगडी लावून पाहतात तशी. तिसरा पाना बसला. सैल नाही, घट्ट नाही. जसा काही त्याच बोल्टासाठी केलेला.

मी पाहिलं. तीन सूत. तीन अष्टमांश इंच म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. "हा बसणं शक्यच नाही," मी म्हणालो. हिने बसलेल्या पान्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पदर झटकला.

नंतर मला याचा उलगडा झाला. १८४१ साली व्हिटवर्थ नावाच्या इंग्रजाने स्क्रूंचं माप ठरवून दिलं. त्याच्या पान्यांवरचा आकडा पान्याच्या तोंडाचा नसतो, बोल्टच्या दांड्याचा असतो. तीन सुताच्या बोल्टचं डोकं पाऊण इंचापेक्षा जरासं कमी, आणि मिलिमीटरमध्ये मोजलं तर बरोबर अठरा. इंग्रज गेले, इंच गेले, पण हा एक पाना त्या दोन जगांच्या शिवेवर उभा होता आणि आमच्या माळ्यावर सत्तावीस वर्षं कुणीतरी विचारण्याची वाट पाहत होता. त्या संध्याकाळी मात्र यातलं काही माहीत नव्हतं. पान्याच्या मागच्या बाजूला पाइप घातला, मी ओढलं, साहेबांनी खुर्ची सोडून ओढलं, आणि बोल्ट 'कर्रर्' करून सुटला. माझा हात 'अ'वर होता. तळव्याला तो उमटला होता. जेवताना दिसत होता.

पुढचा आठवडाभर रोज संध्याकाळी थोडं थोडं काम. जुना कॅमशाफ्ट बाहेर काढला तेव्हा त्याच्या झिजलेल्या कोयी पाहून मला स्वतःच्या काटकसरीचा पुतळा पाहिल्यासारखं झालं. नवा तेल लावून घातला. टोप्यांना नंबर असतात, ह्याची टोपी त्याला घालता येत नाही. आठ न्यूटन-मीटर, कट्. कोनमापक धरून काटकोन. हिच्या नेलपॉलिशने खूण. इंजेक्टर जुळवायला डायल गेज लागतं. ते लेथवाल्याने उसनं दिलं, आणि "काका, पडलं तर गेलं हं" म्हणत रविवारी स्कूटरवरून स्वतःच आला. गेजही त्यानेच लावलं. मी बॅटरी धरली. मोठी नव्हे, हातातली.

सगळं बसल्यावर पुस्तकात एक वाक्य होतं: अर्धा तास थांबा. व्हॉल्व्हवरच्या नव्या टोपणांत तेलाचा दाब असतो, तो बसायला वेळ लागतो. घाई केली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. या अर्ध्या तासासाठी कोणतंही अवजार लागत नाही, आणि संपूर्ण यादीत याच्याइतकं जड दुसरं काही नाही. हिने सगळ्यांना चहा दिला. कुणी काही बोललं नाही. साहेबसुद्धा.

मग कुलूप काढलं, खीळ काढली, आणि इंजिन हाताने सावकाश दोन वेटोळे फिरवलं. कुठे अडतंय का ते पाहत. अडलं नाही. लेथवाल्याने मान हलवली. मी हिला किल्ली दिली.

पहिल्या खेपेला नुसतं घुं-घुं. दुसऱ्या खेपेला घुं-घुं. नळ्यांत हवा असणार, असं लेथवाला म्हणाला. सातव्या खेपेला बॅटरी बसली. साहेबांनी स्वतःची गाडी आडवी आणून वायर जोडू दिली. नवव्या खेपेला इंजिन खोकलं, एकदा, दोनदा, पांढरा धूर सोडला, आणि मग चालू राहिलं. टक्-टक् नाही. ही काच खाली करून ऐकत होती. बराच वेळ तिने इंजिन बंद केलं नाही.

पुढच्या शनिवारी वाईला निघालो. खंबाटकीला मी कान टवकारून बसलो होतो. "ऐकू नका हो सारखं," ही म्हणाली, "बडीशेप द्या." गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढली. वाईला सासूबाई ओट्यावर होत्या. त्यांना यातलं काही सांगितलं नव्हतं. त्या फक्त म्हणाल्या, "मागचे दोन शनिवार चुकले."

आता हिशेब. सामान आणि तेल (योग्य प्रतीचं, पुस्तक वाचून) छत्तीस हजार दोनशे. अवजारं एकतीस हजार सातशे. एकूण सदुसष्ट हजार नऊशे. मेकॅनिकचे पंच्याऐंशी हजार धरले तर सतरा हजार शंभर वाचले. त्यातून नवं इडलीपात्र चौदाशेचं, कारण जुन्यातल्या इडल्यांना कितीही घासलं तरी डिझेलचा वास येत राहिला. शिसवी पाटावर जॅकचा गोल शिक्का उमटला आहे. त्याची किंमत हिने लावू दिली नाही, आणि पाट बदलूही दिला नाही.

परवा साहेब आले. त्यांच्या गाडीच्या चाकाचा काहीतरी घोळ आहे, मेकॅनिक फार सांगतो, तेव्हा तो मोठा रेंच दोन दिवस मिळेल का? मी म्हणालो, अवश्य. मग माळ्यावरून अण्णांची पेटी काढली, झाकण उघडलं, पेन्सिल घेतली, आणि १९६८ च्या त्या ओळीखाली लिहिलं: 'शेजारचे साहेब – टॉर्क रेंच, मोठा –' आणि तारीख.

"अहो, हे काय?" साहेब म्हणाले. "मी काय परत देणार नाही की काय?"

"तसं नाही," मी म्हणालो. "आमच्याकडे पद्धत आहे."